पाटे वाढत गेले, सीट तशीच राहिली

मागच्या आठवड्यात पहाटे साडेचारला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात उभा होतो. गेलो होतो वेगळ्याच बातमीसाठी, ती राहिली बाजूला. सासवडकडचा एक ओळखीचा पोरगा भेटला. सीताफळाचे क्रेट खाली करून झाले होते. मला पिकअपच्या मागच्या चाकाजवळ वाकायला लावून म्हणाला, "भाऊ, दोन पाटे वाढवलेत. आता अडीच टन टाकला तरी गाडी बसत नाय." गाडीच्या कागदावर सतराशे किलो आहेत. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाहीच.

मग त्याने केबिनचं दार उघडून दुसरी सुधारणा दाखवली. डॅशबोर्डवर स्क्रूने बसवलेला बारका पंखा. घाट चढताना इंजिनची धग पायांवर येते, पंख्याने जरा बरं वाटतं म्हणाला. पाट्यांना खर्च किती आला विचारलं, तर हजारांत आकडा सांगितला. पंखा पाचशेच्या आत.

पुण्याने गेली साठ-सत्तर वर्षं देशाला माल वाहायच्या गाड्या पुरवल्या. त्या गाड्यांमध्ये मालासाठी काय काय बदललं आणि चालवणाऱ्या माणसासाठी काय बदललं, याचा हिशोब त्या दिवसापासून डोक्यात घोळतोय. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांचा गाड्यांशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी एवढंच सांगतो. पाटा म्हणजे पोलादाची वाकवलेली पट्टी. एकाखाली एक लांबीने कमी होत जाणाऱ्या पट्ट्यांचा गठ्ठा, मध्ये सेंटर बोल्टने आवळलेला आणि यू-बोल्टने ॲक्सलला धरलेला. सगळ्यात लांब तो मेन पाटा. खड्डा आला की गठ्ठा सरळ होतो आणि परत कमान धरतो. गाडी आणि भार या पट्ट्यांवर झुलतो. नवीन काही नाही यात, घोडागाडीच्या काळातली युक्ती आहे.

घोडागाडीवरून आठवलं. जुन्या पुण्यात टांग्याला पाटे असायचे, कारण त्यात माणसं बसायची. मंडईत भाजी घेऊन येणाऱ्या बैलगाडीला पाटे नव्हते. लाकडी चाक, लोखंडी धाव, आणि थेट आसावर साटा. वांगी-बटाट्याला धक्के बसले तर बसले. गाडीवान पुढे जुवाजवळ बसून तेच धक्के खायचा. म्हणजे माणसाला पाटे आणि मालाला धक्के, अशी वाटणी होती. मोटार आल्यावर ती उलटी झाली.

आता टेम्पोकडे येऊ. 'टेम्पो' हा आज आपल्याकडे इतका मराठी शब्द झालाय की लग्नाच्या सामानापासून वाळूपर्यंत काहीही वाहणारी गाडी म्हणजे टेम्पो. मूळचं ते जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या विडाल अँड सोन या कारखान्याच्या गाडीचं नाव. त्यांच्याशी करार करून नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी उभी केली. फिरोदिया मूळचे नगरचे वकील, स्वातंत्र्य चळवळीतले. पहिली गाडी तीनचाकी हॅन्सिएट, १९५९ पासून मुंबईच्या गोरेगावात बनायला लागली. १९६४ मध्ये आकुर्डीच्या कारखान्यात चारचाकी वायकिंग सुरू झाली, आणि १९६९ मध्ये मॅटाडोर.

मॅटाडोर ज्यांनी पाहिली नाही त्यांना तिचं महत्त्व सांगून कळणार नाही. आमच्या लहानपणी तालुक्याच्या गावात ती शाळेची बस होती, रुग्णवाहिका होती, वऱ्हाडाची गाडी होती आणि आठवडी बाजाराला कोथिंबीर नेणारी पण तीच. तीनचाकी हॅन्सिएट काय किंवा मॅटाडोर काय, दोघींचीही ताकद पुढच्या चाकाला. त्याचा फायदा असा की मागे लांब दांडा फिरवायला लागत नाही, त्यामुळे मालाचा हौदा जमिनीच्या जवळ ठेवता येतो आणि हमालाला पोतं फार उचलावं लागत नाही. तोटा ज्याने घाटात गाडी चालवली त्याला विचारा. मागे भार वाढला की चढाला पुढची चाकं हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर जागच्या जागी फिरतात. आणि इंजिन चालकाच्या जवळच, त्यामुळे आवाज आणि धग केबिनमध्ये. माझे एक मामा बारा वर्षं अशी पुढे इंजिन असलेली गाडी चालवत होते. डाव्या पायावर उन्हाळ्यात ओलं फडकं टाकून बसायचे. आम्हाला पोरांना ती गंमत वाटायची.

तिकडे पिंपरीला टेल्को उभी राहत होती. सुमंत मूळगावकरांच्या काळात १९६६ च्या सुमारास जमीन घेतली, आणि १९७७ मध्ये पुण्याच्या कारखान्यातून ट्रक बाहेर पडायला लागले. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्या भारतीय भागीदार घेऊन हलक्या ट्रकच्या बाजारात उतरल्या. डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी, ऑल्विन निसान, ही नावं चाळिशीच्या पुढच्यांना आठवतील. त्यांना उत्तर म्हणून १९८६ मध्ये टेल्कोने ४०७ आणली. जपानी गाड्या बसायला चांगल्या होत्या असं तेव्हाचे चालक आजही सांगतात. पण आपल्या बाजारात टिकली आणि पसरली ती ४०७. कारण ती लादता येत होती. कागदावर लिहिलंय त्यापेक्षा किती जास्त भार गाडी सोसते, हीच गाडीची किंमत ठरवणारी गोष्ट होती. आजही जुनी गाडी घेताना लोक आधी पाटे आणि चेसिस बघतात, मग इंजिन. सीट कुणी बघत नाही.

यानंतरचं प्रकरण मला फार रंजक वाटतं. १९८८ मध्ये टेल्कोने टाटामोबाइल २०६ काढली. लांब बॉनेट, मागे उघडा हौदा, म्हणजे अमेरिकेत ज्याला पिकअप म्हणतात तशी गाडी. अमेरिकेत पिकअपचा इतिहास वेगळा आहे. फोर्डने १९२५ मध्ये मॉडेल टी गाडीला कारखान्यातच मागे हौदा बसवून विकायला सुरुवात केली. शेतकरी तीच गाडी घेऊन शेतात जायचा आणि रविवारी चर्चला पण. मालक आणि चालक एकच. त्यामुळे तिकडे गादीची सीट, हीटर, एसी, गाणी, सगळं पिकअपमध्ये येत गेलं. आज तिकडचा माणूस पिकअपमागे होडी नाहीतर घोड्यांची ट्रॉली ओढतो. ओढताना मागे गाडी बसू नये म्हणून पाट्यांच्या जोडीला हवेच्या फुग्यांच्या स्प्रिंगा बसवतो, आणि ट्रॉलीला वेगळे ब्रेक लावतो. आपल्याकडे ओढायचं काम ट्रॅक्टरचं. पिकअपने सगळं पाठीवर घ्यायचं.

तर टाटामोबाइलच्याच सांगाड्यावरून टेल्कोने १९९१ मध्ये सिएरा बनवली. त्या काळात देशी गाडीत क्वचित दिसणाऱ्या गोष्टी तिच्यात होत्या. एसी, वरखाली होणाऱ्या पॉवर विंडो. सांगाडा तोच, पण कार झाली तर चैन आणि पिकअप राहिली तर भार. पुढे पिकअपच्या घराण्यात २०७ आली आणि तिची ओळख 'जास्त माल घेणारी' हीच झाली. महिंद्राच्या जीपच्या वंशातल्या पिकअपनीही तोच मार्ग धरला. खेड, जुन्नर, आंबेगावच्या टोमॅटो-कांद्याच्या रस्त्यावर आज ज्या गाड्या दिसतात त्या याच.

दोष कंपन्यांना देऊन मोकळं होता येत नाही. ज्याने गाडी विकत घेतली तो चालवत नव्हता. व्यापारी किंवा ट्रान्सपोर्टवाला मालक, सीटवर बसणारा पगारी माणूस. मालक पैसे मोजतो ते फेरीमागे किती माल गेला याला. चालकाची पाठ दुखली तर तो खर्च मालकाच्या वहीत येत नाही.

हे गणित पहिल्यांदा थोडं हललं ते २००५ मध्ये, आणि तेही पुण्यातच. मे २००५ मध्ये टाटा एस आली. दोन सिलिंडरचं ७०० सीसीचं डिझेल इंजिन, पाऊण टन माल, किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. लोकांनी लगेच नाव ठेवलं, छोटा हत्ती. गिरीश वाघ यांच्या चमूने गाडी बनवण्याआधी तीनचाकीवाल्यांना भेटून काय हवं ते विचारलं होतं. त्यातल्या एकाने सांगितलं म्हणे, की चारचाकी असती तर गावात लग्नाला पोरगी बरी मिळाली असती. ही गोष्ट तेव्हापासून सांगितली जाते. हसण्यावारी नेऊ नका. इथे पहिल्यांदा सीटवर बसणाऱ्याला विचारलं गेलं, कारण गाडी विकत घेणारा तोच होता. बंद दाराची केबिन, गोल स्टिअरिंग आणि शेजारी एक माणूस. आपल्याला ही साधी गोष्ट वाटेल, पण पावसाळ्यात हँडलची तीनचाकी चालवलेल्या माणसाला विचारा.

त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा परमजित भसीन प्रकरणातला निकाल आला. तोपर्यंत काही राज्यांत जादा भाराचा दंड आधीच भरून, कार्ड दाखवून गाडी तशीच पुढे जायची. न्यायालयाने सांगितलं, दंड घेतला म्हणजे भार कायदेशीर होत नाही, जादा माल उतरवलाच पाहिजे. मोठ्या ट्रकवर नजर बसली. शहरात अवजड वाहनांना ठरावीक वेळी बंदी होतीच. यार्डातून दुकानापर्यंतचा आणि शेतातून यार्डापर्यंतचा माल छोट्या गाड्यांवर आला. आणि जादा भाराची सवय पण मोठ्या ट्रकवरून उतरून पिकअपवर येऊन बसली.

आता पाट्यांकडे परत येतो, कारण खरा धोका इथे आहे आणि तो गाडी वापरणाऱ्यांनाही नीट माहीत नसतो.

कंपनीने दिलेले पाटे अमुक एका भारासाठी मोजलेले असतात. पूर्ण भारासाठी कडक, म्हणून रिकामी पिकअप स्पीडब्रेकरवर उडते. त्यातही बऱ्याच गाड्यांना मुख्य गठ्ठ्याबरोबर हेल्पर पाटा असतो. भार आला तरच तो टेकतो आणि कामाला लागतो. ही कारखान्यातली सोय. बाहेर पाटे वाढवतात तेव्हा ते सरळ मुख्य गठ्ठ्यातच घालतात. गाडी मागून बसायची थांबते. समोरच्याच्या डोळ्यात जाणारे हेडलाइट खाली येतात, हा फायदा मान्य केला पाहिजे. पण पाटा वाढवल्याने वाढतो फक्त पाटा. टायर, चाकाचं बेअरिंग, ॲक्सल आणि ब्रेक पूर्वीचेच राहतात.

ब्रेकची गोष्ट नीट वाचा. ब्रेक दाबल्यावर मागच्या चाकांना किती जोर द्यायचा, हे भारावर अवलंबून असतं. गाडी रिकामी असेल तर मागची चाकं हलकी असतात. तिथे जास्त ब्रेक लागला तर चाकं जाम होऊन गाडी फिरते. भरलेली असेल तर मागे वजन असतं, तिथे जास्त ब्रेक चालतो आणि लागतोही. म्हणून अनेक पिकअपना मागच्या ॲक्सलजवळ भार ओळखणारा एक व्हॉल्व्ह असतो, त्याला एक दांडी जोडलेली असते. त्याच्याजवळ वजनकाटा नाही. चेसिस ॲक्सलच्या किती जवळ आली, यावरून तो भार ओळखतो. गाडी बसली म्हणजे माल आहे, मागे ब्रेक सोड. गाडी वर आहे म्हणजे रिकामी, मागे ब्रेक कमी कर.

दोन पाटे वाढवून तुम्ही गाडी बसायचीच बंद केली. मागे अडीच टन सीताफळ आहे आणि व्हॉल्व्हला वाटतंय गाडी रिकामी आहे. मागच्या ब्रेकचा जोर तो कमी ठेवतो. सगळं ओझं पुढच्या ब्रेकवर, आणि पुढे दिवे घाटाचा किंवा कात्रजचा उतार. सतराशेच्या जागी अडीच हजार किलो म्हणजे गाडीचं स्वतःचं वजन धरून एकूण वजन साधारण पाव हिश्शाने वाढलं. उतारावर तेवढी जास्त उष्णता त्याच ब्रेकनी सोसायची.

पाटे बसवणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना मी हे विचारलं. चाळीस वर्षं हेच काम. बसलेले पाटे उतरवायचे, हातोड्याने पुन्हा कमान द्यायची, तुटलेला बदलायचा. ते म्हणाले, "गिऱ्हाईक पाटा मागतं, आम्ही पाटा देतो. त्या दांडीचं कोण विचारत नाही. काहीजण तर ती खडखडते म्हणून काढून टाकतात." नंतर थोडं थांबून म्हणाले, "माझ्या पोराच्या गाडीला मी वाढवले नाहीत."

कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे. गाडी बाजारात येण्याआधी ज्या संस्था तिची तपासणी करून प्रमाणपत्र देतात त्यांतली ही एक. अमुक भाराला अमुक अंतरात गाडी थांबली पाहिजे, वगैरे. तिथे पास झालेली गाडी आपण दुपारी शहराच्या दुसऱ्या टोकाला नेतो आणि दोन तासांत ते प्रमाणपत्र निकामी करून आणतो. कायद्यात याला जागा नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांवर मर्यादा घालतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करता येणार नाहीत असं स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन जादा भाराचा दंड दोन हजारांवरून थेट वीस हजार झाला, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. पण तपासनीस काट्यावर वजन बघतो. गाडी बसलेली दिसली तर बाजूला घेतो. वाढवलेल्या पाट्यांची गाडी सरळ दिसते, म्हणून ती सुटते. पाटे वाढवण्यामागचं हेही एक कारण आहे, फक्त कुणी बोलून दाखवत नाही.

आणि हौद्यात नेहमी सीताफळच असतं असं नाही. ११ ऑगस्ट २०२५, श्रावणी सोमवार. खेड तालुक्यातल्या पापळवाडीच्या महिला कुंडेश्वराच्या दर्शनाला पिकअपमधून निघाल्या होत्या. घाटात गाडी दरीत गेली. आठहून अधिक जणींचा जीव गेला. त्या गाडीत तांत्रिक काय होतं यावर मी बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण माल वाहायला बनवलेल्या हौद्यात माणसं बसून जाणं आपल्या तालुक्यांत किती नेहमीचं आहे, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मी स्वतः अशा गाडीतून जेजुरीला गेलोय.

राहिली केबिन. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना काढली, की १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी पाहिजेच. नितीन गडकरी हा विषय बरीच वर्षं लावून धरत होते. निर्णय उत्तमच आहे, पण तो साडेतीन टनांपेक्षा जास्त एकूण वजनाच्या गाड्यांना लागू आहे. सतराशे किलोवाल्या पिकअपचं गाडी-मालासकट मान्य वजन साडेतीन टनांच्या किंचित आत बसतं. म्हणून तिला एसीची सक्ती नाही. आता आमच्या सासवडच्या पोराची गाडी बघा. कागदावर साडेतीनच्या आत, काट्यावर चार टनांच्या वर. वजनाने ट्रक आणि सोयीने पिकअप!

अलीकडे बाजार थोडा बदलतोय हे खरं. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या महिंद्राच्या व्हीरोसारख्या गाड्यांच्या वरच्या मॉडेलमध्ये एसी, चालकासाठी एअरबॅग, मोठी टचस्क्रीन दिसते. कारण तेच, छोटा हत्तीवालं. घेणारा आणि चालवणारा एकच माणूस असेल तर तो सीट बघतो. कर्जावर स्वतःची गाडी घेणारी शेतकऱ्यांची पोरं वाढली आहेत. पण जिथे मालक वेगळा आहे तिथे साधं मॉडेलच जातं, आणि एसीचे वाचलेले पैसे पाट्यात जातात.

मी यार्डात त्या दिवशी सात-आठ केबिनमध्ये डोकावलो. मण्यांचं सीट कव्हर, खंडोबा, ज्ञानोबा, मोबाइलचा स्टँड, चार्जरच्या तीन वायरी, पाण्याचा कॅन, दाराच्या कप्प्यात तंबाखू आणि पावत्या. एकाने खिडकीला आईच्या जुन्या साडीचा पडदा केला होता. कंपनीने दिलेलं फारसं काही नाही, सगळं ज्याचं त्याने जमवलेलं.

आमच्या पोराला शेवटी विचारलं, कंपनीने फुकट एकच गोष्ट द्यायची म्हटली तर काय मागशील? मला वाटलं एसी म्हणेल. तो म्हणाला, "सीट मागं पडली पाहिजे, भाऊ." रात्री एकला यार्डात नंबर लागतो, माल उतरायला चार वाजतात. मधले तीन तास झोपायचे, पण सीटच्या पाठीला लगेच केबिनची मागची भिंत. तिन्ही सीटवर आडवं झालं तर गिअरचा दांडा बरगडीत येतो. म्हणून तो बसूनच डुलकी काढतो आणि पाचला रिकामी गाडी घेऊन परत दिवे घाट चढतो. त्या व्हॉल्व्हचं मी त्याला सांगितलं. नीट ऐकून घेतलं त्याने. सीताफळाचा हंगाम संपला की एक पाटा काढतो म्हणाला.

जाता जाता, मंडईसमोर उभ्या असलेल्या जुन्या तीनचाकी टेम्पोचा किंवा मॅटाडोरचा फोटो कुणाच्या घरी असेल तर इथे टाका. केबिनच्या आतला असेल तर फारच उत्तम.